ताऱ्यांचे रंग डोळ्यांनी कसे पाहायचे: गोव्यातल्या नवख्यांसाठी

तारे रंगीबेरंगी असतात हे मी शाळेत वाचलं होतं, पण आकाश पाहायला लागल्यावर पहिला अख्खा हिवाळा मला ते सगळे पांढरेच दिसले. फोंड्याच्या घराच्या गच्चीवर मान दुखेपर्यंत वर बघत बसायचे. फोटोंत मृग नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांपैकी काक्षी (बेटेलज्यूज) पिकल्या कोकमासारखी लालभडक आणि राजन्य (रायगेल) निळाशार. वर पाहावं तर दोन्ही नुसते ठिपके. डोळ्यांत काही दोष आहे का म्हणून मी तपासूनही घेतलं, डोळे ठीक होते.

मग एका आकाशदर्शनाच्या रात्री शेजारी चटईवर बसलेल्या आजोबांनी सांगितलं, "एकाच ताऱ्याकडे बघत राहू नको गो बाय. तिच्याकडे बघ, लगेच त्याच्याकडे बघ. परत तिच्याकडे." तिसऱ्या फेरीला काक्षी नारिंगी दिसली. निखाऱ्यावर राख धरायला लागते तेव्हा जो रंग आतून दिसतो, तसा. एकदा दिसली ती दिसलीच, नंतर कधी पांढरी वाटली नाही.

तेव्हा आधीच सांगते: ताऱ्यांचा रंग जोडीने दिसतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- सुरुवातीला फक्त डोळे. चष्मा असेल तर लावूनच पाहा.
- बायनॉक्युलर, ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पटीची घेऊ नका, हात थरथरतो आणि तारा नाचतो.
- चटई किंवा आरामखुर्ची. उभ्याने मान वर करून पंधरा मिनिटांच्या वर कोणी पाहू शकत नाही.
- तारानकाशा. कागदाचा फिरता नकाशा चालेल, फोनवर स्टेलेरियम हे अॅपही चालेल.
- वही, पेन्सिल, मंद टॉर्च, भिंगावरचं दव टिपायला मऊ सुती फडकं आणि डासांचं मलम. मलमाचे हात पुसून मगच बायनॉक्युलरला हात लावा.

कागदपत्रांचं म्हणाल तर घरच्या अंगणाला काहीच लागत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते दिवसाउजेडी विचारून ठेवा. गावाबाहेर सड्यावर जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, रात्री गस्तीवरचे पोलीस विचारतात आणि ते बरोबरच आहे. नेत्रावळी, म्हादई, खोतीगाव अशा अभयारण्यांच्या हद्दीत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

१. रंग कुठून येतो ते एकदा नीट समजून घ्या

ही पायरी गाळू नका. काय शोधायचं आहे हे ठाऊक असेल तरच डोळ्याला सापडतं.

डिचोलीच्या बाजूला एका लोहाराच्या साळेत मी कोयता घडवताना पाहिला. भात्याचा वारा लागला तसं पातं आधी काळपट तांबडं झालं, इतकं की दारातल्या उन्हात ते तापलंय हे कळतही नव्हतं. मग नारिंगी झालं, मग पिवळं. पिवळ्यावर येताच त्यांनी ते सांडशीने बाहेर ओढलं. पांढऱ्यावर गेलं की लोखंड जळतं, ठिणग्या उडतात, म्हणाले. त्यांच्याकडे तापमापक नव्हता. साधारण ७०० अंश सेल्सिअसला तांबडं आणि ११०० च्या आसपास पिवळं, हे मला नंतर वाचून कळलं. त्यांना ते रंगावरून कळतं.

ताऱ्याचंही हेच गणित आहे. विल्हेल्म वीन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये नियम मांडला: तापलेली वस्तू जितकी जास्त गरम, तितकी तिच्या प्रकाशातली सर्वांत जोरकस लहर आखूड. हिशेब करायला अगदी सोपं आहे. २९ लाखांना ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाने, केल्विन या शास्त्रीय एककात, भागा. येईल ती तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत. आपल्या डोळ्याला जांभळ्यापासून लालपर्यंत साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर दिसतं.

सूर्य ५८०० केल्विनचा, उत्तर ५००. काक्षी साधारण ३५०० केल्विनची, उत्तर ८३०, म्हणजे तिचा सर्वांत जोरकस प्रकाश अवरक्त आहे, डोळ्याला न दिसणारा. कोणत्या लांबीचा प्रकाश किती येतो याचा आलेख काढला तर तो डोंगरासारखा दिसतो. आपल्याला दिसते ती त्या डोंगराची फक्त लालकडची उतरण. राजन्य १२,००० केल्विनचा, उत्तर २४० च्या आसपास, म्हणजे अतिनील. त्याची निळ्याकडची उतरण आपल्या वाट्याला येते.

मग सूर्याचं ५०० हे उत्तर निळसर हिरव्यात पडतं, तरी सूर्य हिरवा का दिसत नाही? कारण कुठलाही तारा एकाच रंगाचा प्रकाश देत नाही, सगळेच रंग कमीजास्त देतो. शिखर मध्यावर आलं की दोन्ही बाजूंचे रंग जवळजवळ सारखे मिसळतात आणि डोळा त्याला पांढरं म्हणतो. म्हणून हिरवा तारा नसतो. कधी दिसलाच तर शेजारच्या नारिंगी ताऱ्यामुळे डोळ्याला झालेला तो भास असतो.

आता घरातली एक वस्तू बघा. एलईडी बल्बच्या खोक्यावर २७००के, ४०००के, ६५००के असं छापलेलं असतं. तो 'के' म्हणजे हाच केल्विन. बल्ब स्वतः तेवढा तापत नाही, पण तेवढ्या तापमानाच्या वस्तूचा प्रकाश जसा दिसेल तसा त्याचा दिसतो. म्हणजे आकाशातली 'लाल' म्हणून प्रसिद्ध असलेली काक्षी तुमच्या दिवाणखान्यातल्या २७०० च्या पिवळ्या बल्बपेक्षाही जास्त गरम आहे! हे कळल्यावर माझी पहिल्या हिवाळ्यातली चूक कुठे होती ते लख्ख समजलं. मी टोमॅटोचा लाल शोधत होते. शोधायला हवा होता जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. निळ्याचंही तसंच. राजन्यात शाईचा निळा शोधू नका, नीळ घातलेल्या धुवट कपड्याचा पांढरा शोधा.

इथे लोक तीन ठिकाणी फसतात.

पहिलं, नळ. न्हाणीघरात लाल खूण म्हणजे गरम आणि निळी म्हणजे थंड हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. ताऱ्यांत बरोबर उलट आहे.

दुसरं, गॅसची शेगडी. तिची निळी ज्योत वीनच्या नियमाने निळी नसते, ज्योतीतल्या वायूंच्या रेणूंचा तो स्वतःचा रंग असतो. ताऱ्याची तुलना लोहाराच्या लोखंडाशी करा, शेगडीशी करू नका.

तिसरं, "लाल तारा आपल्यापासून दूर पळतोय म्हणून लाल." हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. रोहिणी खरोखरच सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर वेगाने दूर जाते. त्यामुळे तिच्या प्रकाशाची लांबी बदलते ती फक्त दहा हजारात दोन भाग इतकी. तेवढ्याने रंगात काही फरक पडत नाही. ती नारिंगी आहे कारण तिचा पृष्ठभाग ३९०० केल्विनच्या आसपास आहे.

आणि एक आपल्या अभिमानाची गोष्ट इथेच सांगायला हवी. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून फोडला की त्यात काळ्या रेघा दिसतात. हार्वर्ड वेधशाळेत अॅनी जंप कॅनन यांनी लाखो ताऱ्यांच्या या रेघा तपासून त्यांना ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशा रांगेत लावलं. पण वेगवेगळ्या ताऱ्यांत रेघा वेगळ्या का, याचं उत्तर १९२० मध्ये मेघनाद साहांच्या समीकरणाने दिलं. तापमान बदललं की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटण्याचं प्रमाण बदलतं आणि रेघा बदलतात. निळ्यापासून नारिंगीपर्यंतची ती रांग मुळात तापमानाची आहे, हे त्यातून पक्कं झालं.

२. महिना निवडा, जागेसाठी धावू नका

गोव्यात जून ते सप्टेंबर विसरा. मृग लागला की पाऊस, हे आपण म्हणतोच. त्या दिवसांत सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणजे पाऊस नसता तरी मृगाचे तारे दिसले नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगलं आकाश. फोंडा, सत्तरीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं उतरतं, म्हणून तिकडच्यांनी रात्री दहा-अकराच्या आत पाहून घ्यावं. मार्चपासून हवा धूसर व्हायला लागते.

जागेबद्दल मात्र मी प्रचलित सल्ल्याच्या विरुद्ध सांगणार आहे. पहिल्या रात्री काणकोण किंवा चोर्ला घाट गाठू नका. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. शंकुपेशींना रंग कळतो, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. म्हणून रंग फक्त तेजस्वी ताऱ्यांतच दिसतो, आणि तेजस्वी तारे पर्वरीच्या गच्चीवरूनही दिसतात. गडद अंधारात हजारो बारीक तारे येतात, नवख्याला मृग कुठे आहे तेच सापडत नाही. काक्षीचा नारिंगी तर मला संध्याकाळच्या उरल्यासुरल्या निळ्या उजेडात जास्त ठळक दिसलाय. पौर्णिमेचं चांदणंही या कामात आड येत नाही.

एवढंच पाहा की रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येत नाही. भिंतीच्या, माडाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा.

किनाऱ्यावर जायचंच असेल तर एक विनंती. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे टॉर्च, मोबाइलची बत्ती लावू नका. पिल्लं उजेडाच्या मागे भलतीकडे जातात.

३. डोळ्यांची तयारी

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पण ते दंडपेशींसाठी. रंगांसाठी पाच मिनिटं पुरतात.

मंद तारा पाहायचा तर त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा, असं सगळीकडे सांगतात. रंग पाहताना हे करू नका. शंकुपेशी डोळ्याच्या मध्यभागी दाटीने असतात, म्हणून ताऱ्याकडे सरळ बघा.

फोनचा लाल 'नाइट मोड' चांगला, पण लाल पडद्याकडे मिनिटभर पाहून लगेच वर पाहिलं तर पांढरे तारे हिरवट वाटतात. पिवळ्या दिव्याखालून उठून आलं की सगळं निळसर. नकाशा पाहून झाल्यावर अर्धा मिनिट नुसत्या काळोखाकडे बघा, मग रंग ठरवा.

दोन माणसांना एकच रंग दिसेल असं नाही. माझ्या आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या जानेवारीत ती अंगणात आरामखुर्चीत बसून आळीपाळीने एकेक डोळा हाताने झाकत होती. "ह्या डोळ्यान तो निळो दिसता," राजन्याकडे बघत म्हणाली, "आणि ह्या डोळ्यान तुपासारखो." वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. नवीन भिंग तो आत सोडतं. घरात कोणी वडीलधारं असेल तर त्यांना काय दिसतं ते विचारा, आणि "नाही, तो पांढराच आहे" म्हणून वाद घालू नका.

४. पहिली जोडी: काक्षी आणि राजन्य

डिसेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास किंवा फेब्रुवारीत आठ-नऊला बाहेर या. डिसेंबरात पूर्वेला, फेब्रुवारीत जवळजवळ डोक्यावर मृग दिसेल. चार पायांचा मोठा चौकोन आणि मध्ये एका ओळीत तीन तारे, व्याधाने मारलेला बाण. चौकोनाच्या उत्तरेकडच्या बाजूचा तेजस्वी तारा काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज. पंचांगातली आर्द्रा ती हीच, असं बहुतेक मानतात. तिच्या समोरच्या कोपऱ्यात, बाणाच्या पलीकडे, राजन्य म्हणजे रायगेल.

काक्षीकडे तीन सेकंद, राजन्याकडे तीन सेकंद. असं दहा वेळा. रंगाचं नाव शोधू नका, फक्त 'दोघं सारखे आहेत का?' एवढंच स्वतःला विचारा. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत बहुतेकांना फरक कळतो.

कळला की एक प्रश्न हमखास येतो: थंड तारा इतका तेजस्वी कसा? काक्षी अवाढव्य आहे म्हणून. तिला सूर्याच्या जागी ठेवलं तर पृथ्वी आणि मंगळ दोन्ही तिच्या पोटात जातील. तिचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे राजन्यापेक्षा फारच कमी प्रकाश देतो, पण तो पृष्ठभागच अफाट आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे जवळजवळ सगळे नारिंगी-लाल तारे असे फुगलेलेच आहेत. आकाशगंगेत बहुसंख्य तारे खरं तर लहान लाल बटू आहेत, आणि त्यांतला एकही दुर्बिणीशिवाय दिसत नाही. सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, तोही नाही.

५. तिथूनच पुढची फेरी

बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ वायव्येकडे वाढवा, रोहिणी लागेल. ही गोव्यातून पाहण्यात एक खास मजा आहे. आपलं अक्षांश साधारण १५.५ अंश आणि रोहिणी आकाशाच्या विषुववृत्ताच्या १६.५ अंश उत्तरेला, म्हणजे ती जवळपास आपल्या डोक्यावरून जाते. हवेचा थर तिथे सर्वांत पातळ. तिचा तो जायफळी नारिंगी रंग इतका स्वच्छ मुंबई-पुण्याकडेही क्वचितच दिसत असेल, असं मला मनापासून वाटतं. तिच्या पलीकडच्या कृत्तिकांच्या पुंजक्याशी तिची तुलना करा. कृत्तिका तरुण, तापलेल्या, निळसर पांढऱ्या.

तीच रेघ उलट बाजूला वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. साधारण १०,००० केल्विन, पांढरा, किंचित निळसर. आणि इथे सर्वांत मोठी फसगत होते. व्याध डिसेंबरात आग्नेयेला खाली असताना लाल, हिरवा, निळा असा सटासट रंग बदलतो. लोक विमान समजतात, व्हिडिओ काढून पाठवतात. तो ताऱ्याचा रंग नाही, आपल्या हवेचा खेळ आहे. हवेचे गरम-थंड पदर लोलकासारखे एकेक रंग क्षणभर आपल्याकडे वळवतात.

म्हणून नियम ठेवा: हात लांब करून मूठ वळली की आकाशातले साधारण १० अंश मोजले जातात. क्षितिजापासून तीन मुठींच्या खाली असलेल्या ताऱ्याचा रंग नोंदवू नका. तीन मुठींवर प्रकाशाला डोक्यावरच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते, एका मुठीवर पाचपटीहून जास्त. एवढी हवा निळा प्रकाश गाळते आणि प्रत्येक ताऱ्याला तांबूस करते, मावळतीच्या सूर्याला करते तशीच. अगस्त्य तर गोव्यातून कधीच २२ अंशांच्या वर येत नाही. तो पांढरा आहे, पण इथून पिवळट दिसला तर नवल नाही.

उत्तरेला ब्रह्महृदय: पिवळसर, ५००० केल्विनच्या आसपास. सूर्य लांबून साधारण कसा दिसेल याची कल्पना यायला बरं, फक्त सूर्य याहून थोडा पांढरा.

आणि पुनर्वसू. नवख्यांसाठी ही माझी सर्वांत आवडती जोडी, कारण दोन्ही तारे फक्त साडेचार अंशांवर आहेत, अर्ध्या मुठीत मावतात. जास्त तेजस्वी तो पोलक्स, नारिंगी छटेचा. शेजारचा कॅस्टर, पांढरा. बायनॉक्युलरमध्ये दोन्ही एकदम दिसतात, मान हलवायची गरज नाही.

६. बायनॉक्युलरचा फोकस मुद्दाम बिघडवा

कोणी सांगितल्याशिवाय हे सुचत नाही. तारा म्हणजे इतका बारीक ठिपका की त्याचा सगळा प्रकाश दोन-चार पेशींवर पडतो, त्या दिपतात आणि रंग पांढरा वाटतो. फोकसचं चाक थोडं फिरवा, तारा वाटाण्याएवढी चकती होईपर्यंत. आता तोच प्रकाश पसरतो आणि रंग उघडा पडतो. रोहिणी आणि काक्षीवर करून पाहा. माझ्याकडे आलेल्या शाळकरी मुलांना मी हेच आधी दाखवते, आणि "अरे!" हा शब्द इथेच निघतो.

फार पसरवू नका, मग चकती मंद होऊन रंग परत नाहीसा होतो. कोपर गुडघ्यावर किंवा भिंतीवर टेका.

मंगळ या फेरीत दिसला तर त्याला ताऱ्यांत मोजू नका. त्याचा तांबूस रंग मातीतल्या लोहाच्या गंजाचा आहे, आपल्या तांबड्या मातीसारखाच. तापमानाशी त्याचा संबंध नाही. शुक्र, गुरू, शनी हेही सूर्याचाच प्रकाश परत पाठवतात.

७. उन्हाळ्याच्या जोड्या

एप्रिलमध्ये रात्री दहानंतर सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढे वाढवत न्या. आधी स्वाती लागते, ४३०० केल्विनची, सोनेरी नारिंगी. तशीच पुढे चित्रा, २०,००० केल्विनहून गरम, निळसर. नवख्यांना ही जोडी काक्षी-राजन्यापेक्षाही सोपी जाते, कारण आसपास गर्दी नसते.

मे महिन्यात नऊ-साडेनऊला दक्षिणेचं क्षितिज मोकळं असलेल्या सड्यावरून त्रिशंकू हा चार ताऱ्यांचा समूह उभा दिसतो. चारांपैकी वरचा तारा नारिंगी, बाकी तिन्ही निळसर. तीन मुठींचा नियम इथे मोडावा लागतो, पण चौघंही जवळजवळ सारख्याच हवेतून येतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक टिकतो.

ज्येष्ठेसाठी मेपर्यंत थांबू नका. शिगम्याच्या दिवसांत, मार्चमध्ये, रोमटामेळ संपवून पहाटे चार-पाचला घरी परतत असाल तेव्हा दक्षिणेला वर बघा. वृश्चिकाच्या छातीत ती असते. तिचं ग्रीक नाव अँटारेस, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी, तिच्या रंगावरूनच पडलं.

खरा गडद लाल ज्यांना पाहायचाच आहे त्यांच्यासाठी एक सांगते. मृगाच्या पायांखाली शशक तारकासमूहात आर लेपोरिस नावाचा तारा आहे. १८४५ मध्ये हाइंड या निरीक्षकाने त्याच्या लाल रंगाकडे लक्ष वेधलं. त्याच्या वातावरणातले कार्बनचे रेणू निळा प्रकाश गिळतात, म्हणून तो नुसत्या तापमानाने झाला असता त्याहून कितीतरी लाल दिसतो. साधारण चौदा महिन्यांच्या चक्रात तो उजळतो आणि मंदावतो. यासाठी मात्र सांगे-काणकोणकडचा अंधार आणि चांगलं बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोप हवा. टेलिस्कोपमधून पाहायची सोय नसेल तर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी ही गोव्यातली हौशी खगोलप्रेमींची जुनी संस्था आकाशदर्शन घेते, तिथे जा.

८. फोटो काढायचा असेल तर

फोन तिकाटण्यावर लावा, 'प्रो' मोड घ्या, व्हाइट बॅलन्स ५५०० च्या आसपास कायम ठेवा. 'ऑटो' ठेवला तर फोन आपल्या मनाने रंग बदलतो आणि तुमचे दोन फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. आयएसओ ८००, दहा सेकंद, फोकस जरा बिघडवलेला. सर्वांत मोठी चूक म्हणजे जास्त प्रकाश घेणं. मग सगळे तारे पांढरेफटक येतात. फोटोत रंग डोळ्यांपेक्षा भडक येईल, तो डोळ्यांना तसाच दिसायला हवा अशी अपेक्षा धरू नका.

९. वही ठेवा

तारीख, वेळ, तारा, किती मुठी वर, शेजारच्या ताऱ्याच्या तुलनेत रंग आणि तेज. रंगाला घरचेच शब्द वापरा: तुपासारखा, केशरी, नीळ घातलेला. ते तुम्हाला दहा वर्षांनीही कळतील.

माझ्या वहीत फेब्रुवारी २०२० च्या एका रात्री लिहिलंय: "काक्षी रोहिणीपेक्षा मंद. रंग तोच." एरवी काक्षीच वरचढ असते. त्या हिवाळ्यात ती तिच्या नेहमीच्या तेजाच्या निम्म्याच्याही खाली गेली होती, तिचा स्फोट होणार अशा बातम्या आल्या. तिनेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन आड आली होती, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. एप्रिलपर्यंत ती पुन्हा उजळली. मी हे नुसत्या डोळ्यांनी, गच्चीवरून टिपलं होतं.

१०. पाऊस येण्याआधी

हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण गोव्यात राहणाऱ्याला सर्वांत आधी लागतं. माझं पहिलं बायनॉक्युलर मी जूनमध्ये कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलं. दसऱ्याला काढलं तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. साफ करून घेतलं, तरी निळे तारे त्यातून कायमचे मळकट झाले.

मेच्या शेवटी बायनॉक्युलर कोरडं पुसा, पिशवीतून बाहेर काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर बरं. रंग बदलला की ओल धरली, दाणे तव्यावर मंद गरम करून परत घाला. पावसात महिन्यातून एकदा डबा उघडून भिंगं उजेडाकडे धरून बघा.

ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस धुऊन गेलेल्या पहिल्या स्वच्छ संध्याकाळी, आठच्या सुमारास डबा उघडा. वायव्येला उंचावर हंस तारकासमूह असेल. त्याच्या चोचीतला तारा, अल्बिरिओ, तिकाटण्यावर लावलेल्या छोट्या टेलिस्कोपमधून वीस-तीस पटीने पाहा. एकाचे दोन होतील, एक सोनेरी आणि त्याला खेटून एक निळा.